‘अनुकूलन’ या संज्ञेची चिकित्सा : अन्नपरिरक्षण आणि सूक्ष्मजंतू

१

अन्न टिकविण्याच्या पद्धती आणि अन्नावाटे रोग पसरविणारे सूक्ष्मजंतू यांच्या परस्परसंबंधांवर गेल्या चार दशकांत विपुल शास्त्रीय लेखन झाले आहे. त्या लेखनाचा मध्यवर्ती सिद्धांत थोडक्यात असा सांगितला जातो : थंडी, मीठ, आम्ल, उष्णता इत्यादी उपायांचा मारा सौम्य असेल, तर जंतू मरत नाहीत, ते त्या ताणाशी अनुकूलन साधतात. हे विधान खोटे नाही. परंतु भाषेच्या अंगाने त्याकडे पाहू लागताच त्यातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द संदिग्ध वाटू लागतो. ‘ताण’ म्हणजे बाहेरची थंडी, की थंडीमुळे पेशीत झालेला बिघाड? ‘अनुकूलन’ कोणाचे : एका पेशीचे, तिच्या वंशाचे, की अन्नातील समग्र जंतुसमूहाचे? आणि ‘साधतात’ या क्रियापदातून जो हेतू जंतूंना चिकटतो, तो त्यांच्या ठिकाणी खरोखरच असतो काय?

हे प्रश्न केवळ शब्दच्छलाचे आहेत असे कोणी म्हणेल, तर ते योग्य होणार नाही. ‘अनुकूलन’ या एकाच संज्ञेखाली किमान तीन भिन्न घटना एकत्र नांदत आहेत, आणि त्या तिन्हींवरचे उपायही भिन्न आहेत. संज्ञा एक राहिली की उपायही एकच आहे असा भास होतो. प्रयोगशाळेतील संशोधकाला हा घोटाळा फारसा बाधत नाही, कारण त्याच्यापुढे संज्ञेबरोबर प्रयोगाची रीत आणि आकडेही असतात. सामान्य वाचकापर्यंत मात्र केवळ संज्ञा पोहोचते. मराठीत हा विषय मांडणाऱ्या लेखकावर म्हणूनच एक जबाबदारी येते. इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द जोडून देण्यापूर्वी त्या संज्ञेच्या पोटात काय काय आहे, हे त्याने तपासून पाहिले पाहिजे.

२

प्रथम ‘ताण’ या शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. ज्या इंग्रजी शब्दाचा हा प्रतिशब्द, तो यंत्रशास्त्रातून जीवशास्त्रात आला. यंत्रशास्त्रात दोन कल्पना काटेकोरपणे वेगळ्या राखल्या जातात. भारामुळे पदार्थात निर्माण होणारे बल ते प्रतिबल, आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात होणारा बदल ती विकृती. हान्स सेल्ये यांच्या १९३६ सालच्या संशोधनानंतर शरीरशास्त्रात हा शब्द रुजला. परंतु रुजताना ही विभागणी मागे राहिली. तेव्हापासून एकच शब्द कधी कारणासाठी, कधी परिणामासाठी, तर कधी परिणामाला मिळणाऱ्या उत्तरासाठीही वापरला जाऊ लागला.

मराठीतील ‘ताण’ या शब्दाने ही संदिग्धता अधिकच वाढविली आहे. दोरीला ताण असतो, मनालाही ताण असतो. दोन्हीकडे ताण देणारा कोण आणि तो सोसणारा कोण, हे वाक्यातील विभक्तिप्रत्ययांवरून कळते. ‘शीत-ताण’ किंवा ‘आम्ल-ताण’ असा समास केला की तेही कळेनासे होते. समासाचा हा दोष जुनाच आहे. तो नाते सूचित करतो. परंतु ते नाते कोणते, हे सांगत नाही.

थंडीचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. लिस्टेरिया मोनोसायटोजीनीस हा जंतू शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासही, मंद गतीने का होईना, वाढू शकतो. थंडीत त्याच्या पेशीत दोन प्रकारची अडचण उत्पन्न होते. पेशीपटलातील मेदाम्ले घट्ट होऊन पटलाची लवचिकता कमी होते, आणि आरएनएचे धागे स्वतःभोवती वळून प्रथिने तयार करण्याचे काम अडखळते. पहिल्या अडचणीवर उत्तर म्हणून पटलातील मेदाम्लांचे प्रमाण बदलले जाते व अधिक लवचिक अशा शाखायुक्त मेदाम्लांचा भरणा होतो. दुसऱ्या अडचणीवर उत्तर म्हणून शीत-आघात प्रथिने तयार होऊन वळलेले धागे मोकळे राखतात. येथे बाहेरची थंडी हे कारण, घट्ट झालेले पटल व अडलेली प्रथिननिर्मिती ही विकृती, आणि नवी मेदाम्ले व प्रथिने हे उत्तर. पेशीला तापमापक वाचता येत नाही. तिला जे ‘कळते’ ते तिच्या आतील बिघाडाच्या रूपाने कळते.

हा भेद मान्य केला की एक महत्त्वाची गोष्ट सहज समजते. बाहेरची कारणे पुष्कळ असली, तरी आतील बिघाडांचे प्रकार मोजकेच असतात. मीठ किंवा साखर घातल्याने पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. थंडीने पटल घट्ट होते. ही दोन कारणे एकमेकांपासून अगदी दूरची. तरीही ग्लायसीन बीटेन नावाचा पदार्थ बाहेरून शोषून साठविणारा लिस्टेरिया मिठालाही अधिक टिकतो आणि थंडीलाही, हे १९९४ साली दाखविण्यात आले. ‘मीठ-ताण’ व ‘शीत-ताण’ असे दोन स्वतंत्र कप्पे करून बसणाऱ्या लेखकाला हे आश्चर्यकारक वाटेल. बिघाडाच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात फारसे आश्चर्य वाटणार नाही.

३

‘अनुकूलन’ या संज्ञेच्या पोटातील पहिली घटना म्हणजे एका पेशीने आपल्या हयातीत दिलेला प्रतिसाद. जॉन फॉस्टर व हॉली हॉल यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हे याचे उत्तम उदाहरण होय. साल्मोनेला टायफिम्युरियम हा जंतू त्यांनी ७·६ पीएच असलेल्या माध्यमात वाढविला. त्यांतील काही पेशी सरळ ३·३ पीएचच्या तीव्र आम्लात टाकल्या. इतर पेशी आधी ५·८ पीएचच्या सौम्य आम्लात, संख्या एकदा दुप्पट होईपर्यंत ठेवल्या आणि मग त्याच तीव्र आम्लात टाकल्या. सौम्य आम्लातून गेलेल्या पेशी इतरांपेक्षा १०० ते १,००० पटींनी अधिक टिकाव धरणाऱ्या ठरल्या. या बदलासाठी नवी प्रथिने तयार होणे आवश्यक होते, असेही त्यांना आढळले.

येथे कोणाचीही निवड झालेली नाही आणि जनुकांत काही बदल झालेला नाही. पेशी तीच आहे. तिच्या आतील सामग्री बदलली आहे, आणि परिस्थिती पालटली की ती सामग्री पुन्हा पूर्ववत होऊ शकते. मराठीत या घटनेला चपखल बसणारा वाक्प्रचार तयारच आहे : अंगवळणी पडणे. या वाक्प्रचाराची व्याकरणदृष्ट्या विशेष लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्यात कर्ता माणूस नसून सवयीची गोष्ट असते. ‘थंडी त्याच्या अंगवळणी पडली’ या वाक्यात थंडी ‘पडते’, आणि ज्याच्या अंगवळणी पडते तो केवळ तिचे अधिष्ठान असतो. ‘त्याला सवय झाली’, ‘त्याला थंडी वाजते’, ‘त्याला घाम सुटला’ या वाक्यांतही अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. तो क्रियेचा चालक नसतो. जंतूच्या प्रतिसादाचे वर्णन करण्यास ही रचना ‘जंतू अनुकूलन साधतो’ या रचनेपेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

याच प्रयोगाच्या संदर्भात आणखी एका शब्दयुग्माची चिकित्सा आवश्यक आहे. फॉस्टर व हॉल यांनी या घटनेला जे नाव दिले त्यात ‘सहनशीलता’ या अर्थाचा शब्द आहे. परंतु त्याच निबंधात त्या पेशींचे वर्णन करताना ‘प्रतिकारक्षम’ या अर्थाचे विशेषणही आले आहे. मराठीत सहन करणे व प्रतिकार करणे यांत भूमिकेचा फरक आहे. सहन करणारा आघात अंगावर घेतो. प्रतिकार करणारा तो परतवितो. आम्लात टाकलेली पेशी या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात करते. आत शिरलेले आम्लकण बाहेर ढकलणे हा प्रतिकार, तर आम्लाने बिघडलेली प्रथिने दुरुस्त करणे ही सहनशीलता. मूळ लेखनात हे दोन शब्द पर्यायी म्हणून वापरले गेले असले, तरी मराठीने तो सैलपणा उचलण्याचे कारण नाही.

या प्रतिसादाचे व्यावहारिक महत्त्व दोन वर्षांनी अधिक स्पष्ट झाले. लेयर व जॉन्सन यांनी १९९२ साली दाखविले की, सौम्य आम्लात एक-दोन पिढ्या वाढलेला साल्मोनेला चेडार, स्विस व मोझरेला या चीजमध्ये, ५ अंश सेल्सिअस तापमानात, दोन महिन्यांच्या अवधीत इतर पेशींपेक्षा अधिक टिकून राहतो. चीज तयार होताना दुधाची आम्लता हळूहळू वाढते, ही बाब या संदर्भात ध्यानात ठेवली पाहिजे. एकदम आलेले आम्ल जे करू शकते, ते पायरीपायरीने आलेले आम्ल करू शकेलच असे नाही. मधल्या पायरीवर आम्ल जंतूच्या अंगवळणी पडते.

उष्णतेच्या बाबतीतही हेच दिसते. फार्बर व ब्राउन यांनी १९९० साली सॉसेजच्या मांसात मिसळलेला लिस्टेरिया आधी ४८ अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवला. त्यानंतर ६४ अंशांवर तो मारण्यास लागणारा वेळ सरासरीने २·४ पट झाला. मांस सावकाश तापविणे आणि झटकन तापविणे या दोन क्रियांचा परिणाम अखेरचे तापमान सारखे असूनही भिन्न होऊ शकतो, असा याचा अर्थ होतो.

४

याच प्रकरणात ‘क्रॉस-प्रोटेक्शन’ ही संज्ञा येते. एका आघाताची सवय झालेली पेशी दुसऱ्याही आघातापासून वाचते, ही तिच्यामागील कल्पना. या संज्ञेसाठी ‘परस्पर-संरक्षण’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. आणि सहज सुचणारा प्रतिशब्द कसा फसवा असू शकतो याचा तो नमुना आहे. ‘परस्पर’ म्हणजे एकमेकांत. आम्लाची सवय उष्णतेपासून वाचवीत असेल, तर उष्णतेची सवयही आम्लापासून वाचवीत असली पाहिजे, असे हा शब्द गृहीत धरावयास लावतो. प्रत्यक्षात असे संरक्षण एकेरी असू शकते. शिवाय ते सर्वत्र आढळतेच असेही नाही. फॉस्टर व हॉल यांच्या प्रयोगात आम्लाच्या सवयीने उष्णतेपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नव्हते. लेयर व जॉन्सन यांना १९९३ साली आपल्या परिस्थितीत उष्णता व मीठ या दोहोंपासून ते मिळाल्याचे दिसले. दोन्ही निरीक्षणे आपापल्या ठिकाणी प्रमाण मानावी लागतात. प्रयोगाची परिस्थिती बदलली की उत्तर बदलते. म्हणून ‘आनुषंगिक संरक्षण’ असा शब्द अधिक योग्य ठरेल. एका गोष्टीच्या अनुषंगाने दुसरी गोष्ट येते, कधी येतही नाही. त्या शब्दात हा सैलपणा आहे आणि येथे तो इष्टच आहे.

अशा आनुषंगिक संरक्षणाचे एक कारण पेशीतील नियंत्रक प्रथिनांत सापडते. एश्चेरिशिया कोलाय व साल्मोनेला या जंतूंत आरपीओएस नावाचा, तर लिस्टेरियात सिग्-बी नावाचा घटक एकाच वेळी अनेक जनुकांचे काम सुरू करतो. आघात कोणताही असो, या घटकाची मात्रा वाढली की अनेक प्रकारची सामग्री एकदम तयार होते. याला ‘सार्वत्रिक ताण-प्रतिसाद’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो वापरण्यास हरकत नाही. मात्र ‘सार्वत्रिक’ म्हणजे ‘सर्व संकटांवर पुरेसा’ नव्हे, हे सांगून ठेवावे लागेल.

५

दुसरी घटना पहिलीपासून मुळातच भिन्न आहे. तेथे पेशी बदलत नाही. बदलते ती जिवंत राहिलेल्यांची यादी. साल्व्हादोर लुरिया व मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली केलेल्या प्रयोगाने हा भेद कायमचा प्रस्थापित केला. जंतूंना मारणाऱ्या विषाणूला न जुमानणाऱ्या पेशी विषाणूच्या संपर्कामुळे उत्पन्न होत नाहीत. त्या संपर्कापूर्वीच, आकस्मिक उत्परिवर्तनाने, समूहात अस्तित्वात आलेल्या असतात, हे त्यांनी दाखविले. विषाणू त्यांना घडवीत नाही. तो इतरांना नाहीसे करतो आणि त्या मागे उरतात.

अन्नपरिरक्षणाच्या क्षेत्रातही याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. अन्न न तापविता त्यातील जंतू मारण्यासाठी अतिशय मोठा दाब देण्याची पद्धत आधुनिक काळात रूढ झाली आहे. कॅराट्झास व त्यांचे सहकारी यांनी लिस्टेरियाच्या एका वाणावर ४०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब २० मिनिटे दिला. त्यातून वाचलेल्यांत त्यांना एक असा वाण मिळाला की ज्याची दाब सोसण्याची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या कायम राहिली. २००३ साली त्याचे कारण प्रसिद्ध झाले. सीटीएसआर या नियामक जनुकात ग्लायसीनसाठीचा एकच संकेत गळला होता, आणि त्यामुळे प्रथिनांची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेवरील आवर सैल झाला होता. परंतु याच वाणाची हालचाल करण्याची शक्ती नाहीशी झाली होती आणि रोग उत्पन्न करण्याची शक्तीही घटली होती.

‘अनुकूलनाने जंतू बळकट होतात’ या सर्रास आढळणाऱ्या विधानाला हे उदाहरण चांगलाच छेद देते. एका दिशेने मिळालेले बळ दुसऱ्या दिशेने गमावलेल्या बळाची किंमत मोजून आलेले असू शकते. तेव्हा या घटनेसाठी क्रियापद हवे ते ‘निवडले जाणे’ किंवा ‘उरणे’. दोन्हींत जंतूचा पराक्रम नाही. एक कर्मणी आहे, दुसरे अकर्मक. आणि घडलेल्या गोष्टीचे यथार्थ वर्णन त्या दोहोंतच आहे.

निवडीचे आणखी एक रूप एका जातीच्या आत न घडता अनेक जातींच्या समूहात घडते. १९८१ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात लिस्टेरियाची साथ आली. ४१ रुग्णांपैकी ३४ प्रकरणे गर्भवती स्त्रिया व नवजात बालके यांची होती. साथीचा माग काढता काढता तपास कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचला. तो कोबी ज्या शेतातून आला तेथे मेंढ्यांचे खत घातले जात असे, आणि काढणीनंतर तो हिवाळाभर थंड कोठारात ठेवला होता. कोबी खराब होऊ नये म्हणून दिलेल्या थंडीने इतर जंतूंची वाढ रोखली, आणि थंडीत वाढू शकणाऱ्या लिस्टेरियाला मोकळे रान मिळाले. हाच न्याय प्रयोगशाळांत पूर्वीपासून पद्धत म्हणून वापरला जात असे : नमुना काही आठवडे थंडीत ठेवावयाचा, म्हणजे इतर जंतू मागे पडून लिस्टेरिया हाती लागतो. कोठारात तेच नकळत घडले. येथे लिस्टेरियाने थंडीशी नव्याने ‘जुळवून घेतले’ असे म्हणणे चुकीचे होईल. थंडीत वाढण्याची पात्रता त्याच्यापाशी आधीच होती. थंडीने फक्त स्पर्धक दूर केले.

६

तिसरी घटना म्हणजे थांबून राहणे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही बराच काळ टिकतात. एस्टी व मेयर यांनी १९२२ साली केलेल्या मोजमापांच्या आधारे डबाबंद अन्नाच्या उद्योगाने आपला दंडक ठरविला. कमी आम्लाच्या अन्नाला १२१ अंश सेल्सिअसवर सुमारे ३ मिनिटांच्या उष्णतेइतका मारा मिळालाच पाहिजे, म्हणजे बीजाणूंची संख्या बारा दशमान पायऱ्यांनी खाली येते. बीजाणूचे हे टिकणे पहिल्या अर्थाचा प्रतिसाद नव्हे, कारण उष्णता लागल्यावर तो काही करीत नाही. त्याची सर्व तयारी आधीच झालेली असते. त्याच्यासाठी मराठीत ‘तग धरणे’ यापरता नेमका शब्द नाही.

या वर्गातील दुसरा प्रकार अधिक वादग्रस्त आहे. १९८२ साली झू, कॉलवेल प्रभृतींनी पटकीचा जंतू व एश्चेरिशिया कोलाय यांच्या अशा अवस्थेचे वर्णन केले की, जीत पेशी जिवंत असूनही नेहमीच्या पोषक माध्यमात वाढत नाही. तिला दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘जिवंत, परंतु संवर्धनास अयोग्य’ असा होतो. या नावात एक तार्किक अडचण दडलेली आहे. ‘संवर्धनास अयोग्य’ हा जंतूचा गुणधर्म म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ती संशोधकाच्या माध्यमाची मर्यादाही असू शकते. ‘न वाढणारा’ आणि ‘न वाढविता आलेला’ या दोन कृदंतांत मराठी हा भेद स्वच्छपणे दाखवू शकते. पहिले कृदंत जंतूविषयी बोलते, दुसरे प्रयोगाविषयी. अन्नाच्या तपासणीत ‘जंतू आढळले नाहीत’ असा निर्वाळा दिला जातो तेव्हा तो दुसऱ्या कृदंताच्या कक्षेत येतो, याची जाणीव ठेवणे इष्ट आहे.

७

आता या तीन घटनांवरील उपायांकडे वळावे. पहिली घटना, म्हणजे अंगवळणी पडणे, टाळावयाची असेल तर आघातांचा क्रम व वेग बदलला पाहिजे : सौम्य पायरीवर अन्न रेंगाळू देता कामा नये. दुसरी घटना, म्हणजे उरणे, टाळावयाची असेल तर मारा इतका पुरेसा असला पाहिजे की निवड करावयास कोणी उरू नये. आणि कारखान्याची यंत्रे, चाकू, फळ्या यांची स्वच्छता इतकी कडक असली पाहिजे की उरलेल्यांना पुन्हा पसरण्यास जागा मिळू नये. तिसऱ्या घटनेत, म्हणजे तग धरण्यात, बीजाणूला मारता येत नसेल तर त्याला अंकुरू न देण्याची व्यवस्था, मग ती आम्लाची असो, मिठाची असो वा थंडीची, अन्न खाल्ले जाईपर्यंत अखंड चालू ठेवावी लागते. ‘अनुकूलन’ या एकाच शब्दाने हे तीन भिन्न उपाय एकत्र मिसळतात, आणि मग ‘जंतू आता सगळ्यालाच सरावले आहेत’ असा निराधार हताशपणा तरी पसरतो, किंवा ‘थोडे मीठ, थोडी थंडी, थोडे आम्ल पुरे’ असा निराधार विश्वास तरी.

या संदर्भात जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेली अडथळ्यांची कल्पना विचारात घेण्यासारखी आहे. एकच कठोर उपाय करण्याऐवजी अनेक सौम्य उपाय एकत्र योजावेत, जंतूला ते सर्व अडथळे ओलांडता येणार नाहीत, असे तिचे सार आहे. रूपक शर्यतीचे आहे, आणि सोपे असल्यामुळे ते लोकप्रियही झाले. परंतु शर्यतीत अडथळे एकामागून एक येतात, आणि पहिला अडथळा ओलांडताना धावणाऱ्याचा सरावही होतो. पहिल्या घटनेचा धोका या रूपकाच्या पोटातच आहे. लाइस्टनर यांचे विवेचन रूपकाहून अधिक सूक्ष्म होते, हे नमूद केले पाहिजे. पेशीच्या निरनिराळ्या अंगांवर एकाच वेळी आघात झाले, तर सर्व बिघाड दुरुस्त करता करता तिची ऊर्जा संपुष्टात येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा चित्र एकामागून एक येणाऱ्या अडथळ्यांपेक्षा चोहोबाजूंनी पडलेल्या वेढ्याचे अधिक आहे. वेढा घालणाऱ्याने एका दरवाजावर थोडेसे सैन्य पाठवून परत बोलावले, तर किल्ल्यातील लोक सावध होतात एवढेच. वेढ्याचे रूपकही अखेर रूपकच, आणि त्यातही जंतूला सावधपणा बहाल होतो. परंतु एकाच वेळी अनेक बाजूंनी, आणि पुरेशा बळाने, ही दोन व्यावहारिक तत्त्वे त्यातून निसटत नाहीत.

जंतूंना ‘शिकतात’, ‘आठवण ठेवतात’, ‘डावपेच लढवितात’ अशी क्रियापदे लावण्याच्या प्रथेविषयीही याच कसोटीने बोलावे लागते. रूपकाशिवाय शास्त्र लिहिता येत नाही. ‘ताण’ हे रूपकच आहे. प्रश्न रूपक वापरावे की नाही हा नसून, त्यामुळे वाचकाच्या मनात कोणता उपाय आपोआप उभा राहतो, हा आहे. ‘शिकलेल्या’ शत्रूविरुद्ध माणसाला अधिक चलाख, अधिक नवे शस्त्र हवेसे वाटते. ‘सावकाश तापविल्यामुळे उष्णता अंगवळणी पडलेल्या’ पेशीविरुद्ध मात्र अन्न झटपट आणि पुरेसे तापवावे, एवढेच सुचते. या ठिकाणी दुसरे सूचन खरे आहे, आणि स्वयंपाकघराच्या आवाक्यातलेही आहे.

८

अखेरचा मुद्दा मराठीच्या सामर्थ्याचा, आणि त्या सामर्थ्यातील एका उणिवेचा आहे. अन्न बिघडण्याच्या क्रियेसाठी मराठीइतकी बारीक छटांची क्रियापदे फार थोड्या भाषांत असतील. दूध नासते, वरण विटते, भात आंबतो, भाकरी बुरसते, फळ सडते, पाला कुजतो, तेल खवट होते, शिळ्या अन्नाला तार सुटते. बिघाड आणि इष्ट पालट यांतील भेदही भाषेने राखला आहे : लोणचे मुरते, विटत नाही, दही लागते, नासत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गृहिणींनी वास, चव, रंग आणि बोटाला लागणारा बुळबुळीतपणा यांवरून हे शब्द घडविले आहेत. या शब्दांनी पुष्कळांना आजारापासून वाचविले असले पाहिजे.

परंतु या सर्व शब्दांची प्रमाणे इंद्रियगम्य आहेत. अन्नात काही पालट दिसला, वास आला, चव बदलली, तरच ते लागू पडतात. येथे ज्या जंतूंचा विचार केला आहे त्यांची गोष्ट निराळी आहे. थंडीत सावकाश वाढलेला लिस्टेरिया अन्नाला वास आणीलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली पोलोनी या तयार, थंड ठेवल्या जाणाऱ्या मांसप्रकारातून आलेल्या साथीत १,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि २०० हून अधिक दगावले. असे अन्न न नासलेले, न विटलेले आणि न आंबलेले असू शकते. जी थंडी नासणे रोखते, तीच या अन्नाला निर्दोषपणाचा देखावा देते.

अशा अन्नासाठी मराठीत एकच क्रियापद जवळचे आहे : बाधणे. ‘ते अन्न त्याला बाधले’ असे म्हटले जाते. परंतु हे क्रियापद खाण्यानंतरचे आहे. बाधा झाल्याखेरीज ते लावता येत नाही. खाण्यापूर्वीच्या, दिसण्यात निर्दोष परंतु बाधू शकणाऱ्या अन्नासाठी भाषेत विशेषण नाही, आणि जे नावाने ओळखता येत नाही ते ताटात वाढण्यापूर्वी थांबविणे कठीण जाते. ‘बाधरे’ हा शब्द हसरे, लाजरे यांच्या घडणीवर बनविता येईल, आणि तो टिकेल की नाही हे बोलणारे लोक ठरवतील. तोपर्यंत इंद्रियांच्या साक्षीबरोबर दुसरी एक साक्ष जोडावी लागेल : अन्न किती दिवस थंड ठेवले, किती वेगाने आणि कितीपर्यंत तापविले, याचा हिशेब. ‘विटले नाही, म्हणजे चांगले आहे’ या वाक्यातील ‘म्हणजे’ आता आपोआप खरे राहिलेले नाही. परिरक्षणाच्या शास्त्राकडून सामान्य मराठी वाचकाने एकच गोष्ट घ्यावयाची असेल, तर ती या ‘म्हणजे’विषयीची शंका होय.